आडव्या आंब्यावरचं ओझं

१

मंडणगडच्या दुकानात मी चेनसॉ डोक्यावर घेऊन उभी राहिले, तेव्हा दुकानदाराला हसू आवरेना.

"वहिनी, ही झाडं कापायची मशीन आहे, पाण्याची कळशी नव्हे," तो म्हणाला.

"कापनार हे, नेनार मी," मी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "मंग वजन कुनी बगायचा?"

माझ्या नवऱ्याचं, अनिलचं, लक्ष भलतीकडेच होतं. दुकानात भिंतीवर वरच्या खुंटीला बावीस इंची पट्टीची मोठी मशीन टांगली होती आणि हा तिच्याकडे असा बघत होता की मलाच लाज वाटली. आमच्याकडे चेनसॉला कटर म्हणतात. चक्रीवादळात वाडीतली निम्मी झाडं घरांवर पडली, तेव्हा पहिल्यांदा कटर गावात आले आणि हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. तसला बावीस इंची कटर आमच्या माळ्यावर होताच. अनिलचे चुलते महिपतकाका, त्यांचा. काकांची कंबर गेली तसा तो आमच्याकडे येऊन पडला. पण तो उचलून रानात न्यायचा म्हणजे माझ्या मानेचा काटा ढिला व्हायचा.

"आपलं रान काय देवदाराचं नाय," मी अनिलला समजावलं. "किंजळ नि ऐन, एकदा तोडून परत फुटलेली. मांडीच्या वर जाडी नाय. सोळा इंची बस झाली."

"आनी तो वादळात पडलेला मोठा ऐन?"

"त्याच्यासाठी काकांचा हाय ना. एकदाच वर न्यायचा."

दुकानदाराने माझी बाजू घेतली. पट्टी लांब तेवढी हातावर उसळी मोठी, नवीन माणसाला लहानच बरी, असं त्याने सांगितलं. अनिलने तोंड एवढंसं केलं, पण सोळा इंची घेतली. पंधराएक वर्षं मुंबईला गोदामात काम करून तो परत आला होता. वरचं रान साफ करायचं, लाकूड वीटभट्टीवाल्यांना द्यायचं आणि पावसाआधी तिथे काजूची कलमं लावायची, असा बेत होता. जमलं तर इथेच राहायचं, नाही जमलं तर पुन्हा मुंबई. तो हे सहज बोलायचा. मी वरवर हो म्हणायचे आणि आतून माझा जीव टांगणीला लागायचा. मला माझा नवरा घरी हवा होता. गणपतीला आणि शिमग्याला येऊन जाणारा पाहुणा नको होता.

२

कटर डोक्यावरून न्यायचा हा काही माझा हट्ट नव्हता. आमचं रान चढणीवर आहे. वरच्या अर्ध्या वाटेवर माती सुटी, त्यावर सुकलेला पाला. तिथे दोन्ही हात मोकळे हवेत, कारण कुठे मूळ धरायचं, कुठे झुडूप. खांद्यावर कटर घेतला तर तोल एका अंगाला जातो. म्हणून मोठ्या घमेल्यात कटर, पट्टीवर कव्हर चढवलेलं, बाजूला पेट्रोलचा कॅन, ऑइल, कानस, दोरखंड, वर दुपारची भाकरी. हे सगळं डोक्यावरच्या फडक्याच्या चुंबळीवर.

अनिल सकाळी कोयता घेऊन पुढे जायचा आणि खालचा झाडोरा साफ करायचा. मी घरचं आवरून मागून निघायचे. मी पोचेपर्यंत त्याने काहीच कापायचं नाही, असं आमचं ठरलेलं. कटर चालवणाऱ्या माणसाजवळ दुसरं माणूस पाहिजेच, हे काकांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं.

वाटेत एकच अडचण होती. चक्रीवादळात एक रायवळ आंबा वाटेवर आडवा झाला होता, पण मेला नव्हता. मुळं अर्धी जमिनीत, खोड वाटेवर छातीएवढ्या उंचीवर, आणि त्याच्यावर नव्या फांद्यांची अशी दाटी की पलीकडचं माणूस दिसायचं नाही. खालून वाकून जावं लागे. डोक्यावर ओझं असलं तर ते आधी खोडावर ठेवायचं, वाकून पलीकडे जायचं, खोडाकडे पाठ करून चुंबळ सावरायची आणि मग मागच्या बाईला हाक द्यायची, "हात लाव गो." मागची बाई फांद्यांमधून हात घालून ओझं उचलून देते. पुढची ते डोक्यावर झेलते आणि चालू लागते. एकटीने उचलायला गेलं तर पेट्रोल सांडतं.

अख्ख्या जगाची झाडं कापणाऱ्या माझ्या नवऱ्याला हे एक खोड कापायला सवड नव्हती. "उद्या कापतो," असं तो रोज म्हणायचा.

मला हात लावायला प्रभावती अक्का असायची. ती आमची शेजारीण, तिची काजूची बाग त्याच वाटेवर. ती रिकाम्या हाताने, फक्त कोयती घेऊन यायची आणि माझ्या मागे दहा-वीस पावलांवर असायची. तोंडात सदा मिश्री, त्यामुळे बोलणं कमी. मी हाक दिली की तिचे हात यायचे, घमेलं वर जायचं, मी "येत्ये गो अक्का" म्हणून पुढे चालू लागायचे. ओझं डोक्यावर असताना मागे वळून बघता येत नाही आणि बघायची गरजही नव्हती.

३

एका सकाळी मी अक्काच्या दारात गेले, तर ती पायाला लेप लावून बसली होती.

"काय झाला गो अक्का?"

"शिमग्याच्या आदल्या दिवशी पाय मुरगळला. तवापासून घरातच हाय." तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुला म्हायती नाय?"

शिमगा होऊन गेला त्याला बरेच दिवस झाले होते.

मी हसले. मला वाटलं, ती थट्टा करतेय. "मंग आंब्याशी मला हात कोन लावता?"

"मला काय म्हायती? रितेशची बायको जाते काय त्या अंगाला?"

रितेश म्हणजे वरच्या वाडीतला. त्याची बायको त्या वाटेने जात नाही, हे मला आणि अक्काला दोघींनाही ठाऊक होतं. पण तेव्हा मी ते उत्तर धरून ठेवलं. मग घरी येऊन एकेक दिवस आठवू लागले. मी घरातून निघताना अक्काच्या दाराकडे बघितलं होतं का? नव्हतं. मागे तिची पावलं ऐकली होती का? पावलं तर ऐकली होती. पाल्यावरची, सावकाश, थोडी जड. मी ती अक्काचीच धरून चालले होते. आता आठवलं, की अक्का चप्पल घालते आणि ती पावलं अनवाणी होती.

मनाची समजूत घालायला मी हुशार आहे. कुणी गुराखीण असेल, कुणी पालव तोडायला आलेली असेल. बाईने ओझ्याला हात मागितला तर दुसरी बाई हात लावते, त्यात ओळख लागत नाही. हे अगदी खरं होतं. एवढंच होतं, की रोज तीच वेळ साधून, रोज न बोलता, अशी कोण येत असेल याला मला नाव सापडेना.

४

दुसऱ्या दिवसापासून मी कटर खांद्यावर न्यायला लागले. काकांनी दाखवलं होतं तसं इंजिन बंद, पट्टी मागच्या बाजूला, कव्हर घातलेलं, उताराच्या अंगाच्या खांद्यावर, म्हणजे पाय घसरला तर कटर आपल्यापासून लांब फेकता येतो. पेट्रोलचा कॅन दुसऱ्या हातात. आडव्या आंब्याशी आले की कटर आधी खालून सरकवायचा, मग आपण जायचं. कुणाच्या हाताची गरज नाही.

गरज नव्हती, पण वरच्या घसरणीवर मी दोनदा आपटले. खांदा निळा पडला. अनिल मला चिडवू लागला.

"डोक्यावरना नेयाची ना? दुकानदारासमोर किती भाव खाल्लास."

"डोका दुकता हल्ली."

"मंग मी येतो खाली कटर घेयाला."

"नको," मी म्हटलं. मला त्याला हे सांगायचं नव्हतं. कामाला आता कुठे रंग चढत होता. निम्मं रान साफ झालं होतं, लाकडाच्या राशी लागल्या होत्या. संध्याकाळी घरी येताना तो शीळ घालायचा. पंधरा वर्षांत मी त्याची शीळ ऐकली नव्हती. अशा वेळी आपल्या वाटेवर कुणीतरी आहे, असं घरात बोलून दाखवायला माझी जीभ रेटेना.

५

पण खांदा फारच दुखायला लागला, तेव्हा एका दिवशी मी पुन्हा घमेलं घेतलं. स्वतःला सांगितलं, की दिवसाढवळ्या, डोक्यावर ऊन असताना, कशाला घाबरायचं. आडव्या आंब्याशी आले. घमेलं खोडावर ठेवलं. खालून वाकून पलीकडे गेले. या वेळी मी पाठ केली नाही. खोडाकडे तोंड करून उभी राहिले आणि हाकही दिली नाही.

रानात आवाज असतातच. कुठे पान गळतं, कुठे सरडा पळतो. मी ते सगळे ओळखत होते. मग खालच्या वाटेवर ती पावलं आली. सावकाश, जड. पावलं खोडाच्या पलीकडे येऊन थांबली. मधल्या पालवीची दाटी एवढी, की मला लुगड्याचा रंगसुद्धा दिसेना. आणि मग जमिनीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला, धप्प. त्यामागोमाग एक मोठा श्वास सुटला, हुस्स. हा आवाज मी हजार वेळा ऐकलाय. माझ्या आईचा ऐकलाय, अक्काचा ऐकलाय, माझा स्वतःचा ऐकलाय. बाई डोक्यावरचं ओझं उतरवते तेव्हा तो निघतो.

म्हणजे तिच्याकडेही ओझं होतं.

मग फांद्या जराशा हलल्या, जसं कुणी हात आत घालतं. मी घमेल्यातला कटर तेवढा ओढून घेतला आणि वर पळाले. बाकी सगळं तिथेच राहिलं.

अनिलला सांगावंच लागलं, कारण पेट्रोलशिवाय कटर काय कामाचा. त्याने ऐकून घेतलं, हसला नाही, ही त्याची चांगली गोष्ट. माझ्याबरोबर खाली आला. घमेलं आंब्याच्या वरच्या अंगाला, वाटेवर, नीट सपाट जागा बघून ठेवलेलं होतं. कॅन उभा, झाकण घट्ट, भाकरीच्या फडक्याची गाठही सुटली नव्हती.

"चांगला माणूस दिसता कोन हाय ता," अनिल म्हणाला. पण उद्यापासून कटर सकाळी तोच वर नेणार, मी फक्त भाकरी घेऊन यायचं, असं त्याने ठरवून टाकलं.

६

पुढे काही दिवसांनी एकदा वाडी रिकामी होती. सगळे खेडला लग्नाला टेम्पोने गेले होते. अक्काही लंगडत गेली. काका तेवढे कंबरेमुळे मागे राहिले, आमच्याच घरी होते. मी भाकरी घेऊन वर पोचले तेव्हा कटरचा आवाज नव्हता. आधी मला बरं वाटलं, की हा माझी वाट बघतोय.

अनिल पालथा पडला होता. तो वादळात पडलेला मोठा ऐन त्याने सोळा इंचीनेच कापायला घेतला होता, मी यायच्या आधी, आणि उभा राहिला होता उताराच्या अंगाला. खोड दबलं, पट्टी चिमटली आणि ओंडका गडगडत त्याच्या पायावर आला. गुडघ्याखालचा पाय ओंडका आणि जुना बुंधा यांच्या बेचक्यात सापडला होता. बेचक्यात पोकळी होती म्हणून पाय चेंगरला नव्हता. पण ओंडका थांबला नव्हता. सुट्या मातीवरून तो बोटभर बोटभर खाली सरकत होता आणि त्याच्या खाली माझ्या नवऱ्याची कंबर आणि पाठ होती.

"दीपाली," तो मातीत तोंड ठेवून म्हणाला, "घाबरू नको."

मी दगड आणून ओंडक्याखाली सरकवले. एक जांभा होता, तो चुरला. लाकडाचा तुकडा घालायला गेले तर माती सुटली आणि ओंडका आणखी खाली आला. अनिल ओरडला. तसा तो कधी ओरडत नाही.

"काय करू नको. काकांचा कटर आन. ह्याची पट्टी निघत नाय. तो मोठा आन, नि मधी काप दे."

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खाली धावले. मोबाईलला तिथे रेंज नव्हती. घरी पोचले आणि धापा टाकत काकांना सांगितलं. त्यांनी फोन लावायला घेतले. माणसं निघाली तरी खेडवरून येणार, म्हणजे तोवर काय होईल ते मला दिसत होतं. मी माळ्यावरून मोठा कटर उतरवला. कंबर धरून काका उठले आणि त्यांनी कटर, कॅन, पाचरी भरलेलं घमेलं माझ्या डोक्यावर चढवायला हात लावला. कळ येऊन ते कण्हले.

"पोरी, हळू जा," ते म्हणाले.

मी हळू गेले नाही.

७

आडव्या आंब्याशी आले. घमेलं खोडावर टेकवलं, खालून पलीकडे गेले, पाठ केली, चुंबळ सावरली आणि पहिल्यांदाच समजून उमजून म्हटलं, "हात लाव गो."

कुणी हात लावला नाही.

"हात लाव गो माये. माजा घोव वर अडकलाय."

काही नाही. मी स्वतःच वळून घमेल्याला हात घातला. वरच्या अंगाला खोड माझ्या कंबरेशी होतं. कंबरेपासून डोक्यापर्यंत ते ओझं न्यायची ताकद माझ्यात उरली नव्हती. दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी कॅन कलंडला आणि पेट्रोलचा वास सुटला. पुढे घसरण होती, तो मोठा कटर हातात किंवा खांद्यावर धरून ती चढता आली नसती. मी रडायला लागले होते, आणि रडत असतानाच मला दिसलं की खोडावर माझ्या घमेल्याशेजारी लाकडांचा एक भारा आहे.

मी घमेलं ठेवलं तेव्हा तो तिथे नव्हता. सुकी लाकडं, सरळ, हातभर लांबीची, एकसारखी तोडलेली. दोरी नव्हती, हिरव्या वेलीने बांधलेला. आणि तो खोडावर अशा बेताने टेकवला होता, की त्याला वर जायचं होतं. रानातून लाकूड खाली येतं. रानात लाकूड वर कोण नेतं?

मला पळायचं होतं. खाली की वर, तेही कळत नव्हतं. डोकं सांगत होतं, की भारा कुणीतरी काल ठेवला असेल, तुला दिसला नसेल, तू कटर एकेक भाग सोडवून वर ने, काहीतरी कर. आणि माझे हात सांगत होते की या बाईने तुला इतके दिवस हात लावला. तिचं ओझं रोज मागे वाटेवर राहत होतं. तू एकदा तरी वळलीस?

मी वाकून पुन्हा खालच्या अंगाला आले. खोडाशी उभी राहिले आणि भाऱ्याखाली दोन्ही हात घातले. लाकडं गार होती. उन्हात असूनही.

"घे गो," मी म्हटलं. "उचलते."

पालवीच्या पलीकडे, वरच्या अंगाला, कुणीतरी पाठ करून उभं होतं. पानांच्या फटीतून मला दिसली ती एक मान. घामाने ओली, रापलेली, तिच्यावर जुनेराची चुंबळ आणि चुंबळीखालून सुटलेले चार पांढरे केस. त्याच्यापलीकडे मी बघितलं नाही. बघायचं धाडस झालं नाही असं म्हणा. मी सगळा जीव लावून भारा उचलला. आणि मध्येच, जसं नेहमी होतं तसं, दुसऱ्या डोक्याने वजन घेतलं आणि माझे हात रिकामे वर राहिले.

पावलं वर जाऊ लागली. पाला चुरचुरत होता. मी खोडाखालून वाकून वरच्या अंगाला आले तेव्हा वाटेवर कुणी नव्हतं, पण चुरचुर वळणापलीकडे ऐकू येत होती. मी खोडाकडे पाठ केली, चुंबळ नीट केली. तोंड उघडायच्या आधीच माझ्या मागे घमेलं उचललं गेलं आणि अलगद डोक्यावर आलं.

वर जाणारी पावलं अजून ऐकू येत होती. मग माझ्या मागे हे हात कुणाचे, हे मी विचारलं नाही. मी चढायला लागले.

८

ओंडका थांबला होता.

मी आधी अनिलची पाठ बघितली, ती हलत होती, श्वास चालू होता. मग ओंडक्याची खालची बाजू बघितली. माझे दगड घसरले होते त्याच जागी, मातीत घट्ट रुतलेला, वेलीने बांधलेला तो भारा होता. ओंडक्याचं सगळं वजन त्याच्यावर आलं होतं. बाहेरची दोन लाकडं मोडली होती, आतली धरून होती.

पुढचं मी कसं केलं ते मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. बावीस इंची कटर सुरू करायला दोरी किती वेळा ओढली, कोण जाणे. मी उताराच्या अंगाला उभी राहिले नाही. जिथे लाकूड दबलंय तिथे आधी थोडा काप, तिथे पाचर, मग ताण असलेल्या बाजूने. हे सगळं अनिलच मातीत तोंड घालून सांगत होता आणि मध्येच म्हणत होता, "हात घट्ट, दीपाली, हात घट्ट." ओंडक्याचा टोकाकडचा भाग सुटून पलीकडे गडगडत गेला. उरलेला हलका झाला. काकांची पहार असती तर बरं, असं म्हणत मी फांदीनेच तो उचकटला आणि अनिलने पाय ओढून घेतला. मग आम्ही दोघं तिथेच पाल्यात बसलो. मी त्याला शिव्या दिल्या, खूप दिल्या, आणि त्याच्या गळ्यात पडून रडले.

खेडहून माणसं आली तेव्हा ऊन कललं होतं. पायाचं एक हाड चिरलं होतं. प्लॅस्टर झालं.

त्यानंतर मी कधी फक्त माझ्या एकटीच्या ओझ्याचा विचार केला नाही. आंब्याशी आले की आधी वळते, मागे कुणाचं काही असलं तर हात लावते आणि मग माझं घेते. बहुतेक वेळा अक्काच असते आणि ती म्हणते, "मला काय नाय गो, जा तू." बाकीच्या वेळचं मी सांगत बसत नाही.

कलमं पावसाआधी लागली. वाडीतल्या माणसांनी खड्डे मारले, अनिलने खुर्चीत बसून सगळ्यांना इतक्या सूचना दिल्या, की रितेश म्हणाला, ह्याचा दुसरा पायपन बांदा. मुंबईच्या खोलीतल्या मित्राला त्याने फोन करून सांगितलं, की माझी पेटी कुणाच्या तरी गाडीने गावाला पाठव. तो हे माझ्यासमोर बोलला, मी भाकऱ्या थापत होते, आणि माझ्या हातातली भाकरी वेडीवाकडी झाली.

प्लॅस्टर निघाल्यावर एका दुपारी तो पडवीत कटरच्या चेनला कानस मारत होता. एक दात झाला की दुसरा. मी शेजारी बसून चेन फिरवून देत होते.

"तुला विचारायचा राहिला," तो कानशीवरून मान वर न करता म्हणाला. "त्या दिवशी लाकडा टाकून तू परत कुठं गेलीस?"

"कदी?"

"कटर आनायच्या आदी. मी पालथा, मला काय दिसत नव्हता. मागना भारा पडला, धप्प. तू हुस्स केलास. ओंडका थांबला. मी म्हटला, आलीस काय गो? तर तू माज्या डोक्यावर हात ठेवलास नि बोललीस, घाबरू नको, येतेय ती, मागना येतेय." त्याने चेन थांबवली. "लय दम आला मला त्या बोलन्याचा. नायतर मी झोपनार होतो. पन ती म्हंजे कोन, ता मला अजून कळला नाय."

मी त्याच्या पायावर हात ठेवला, प्लॅस्टरने पांढऱ्या पडलेल्या कातडीवर.

"मी," मी म्हटलं. "मीच येत होते."